जर्मनचा वाल

माझा भाचा मदन सातारला कारखान्यात वाल करतो, असं मी कुंडलमध्ये सांगत आले आणि निम्म्या गावाला वर्षानुवर्षं वाटत राहिलं की तो तिकडं शेंगा लावतो. शेजारच्या आक्काताईने एकदा विचारलं, "कसला वाल गं? कडवा का गोडा?"

"जर्मनचा," मी म्हटलं.

आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, म्हणून मी म्हटलं. पण आक्काताईने गावभर केलं, की चंदनबालेचा भाचा जर्मनीहून बी आणून वाल लावतो, आणि तो वाल मोटारीत गार हवेत ठेवावा लागतो. त्यातलं मोटार आणि गार हवा एवढं बरोबर होतं.

खरं काम असं. मोटारीत एसी असतो, त्यातल्या गॅसला जायला एक बारीक भोक लागतं. दाबून आणलेला गॅस त्या भोकातून पिचकारीसारखा सुटला की गार पडतो, मग समोरच्या जाळीतून गार वारा येतो. ते भोक कवा किती उघडायचं हे ठरवणारा जर्मनचा ठोकळा म्हणजे मदनचा वाल. इंग्रजीत त्याला व्हॉल्व म्हणतात, पण कारखान्यातले सगळे वालच म्हणतात, मग मी एकटीने सुधारून काय करू. ठोकळ्याला दोन मजले. खालच्या मजल्याने गॅस आत जातो, गाडी गार करतो, आणि वरच्या मजल्याने माघारी येतो. दोन्ही मजल्यांतून एक बारीक दांडी उभी. माघारी येणाऱ्याला ती वर चाचपते, किती तापून आलास बाबा. लय तापून आला असेल तर खालचं दार जरा जास्त उघडते, गारच आला तर ओढून घेते. हे मदनने मला भाकरी थापता थापता समजावलं. थापत मी होते, तो ओट्याभोवती फिरत होता.

मदनला एका जागी बसता येत नाही. आजचं नाही हे, जन्माचं आहे. खुर्चीत बसला तर गुडघा हलतो. गुडघा हलला की टेबल हलतं, आणि चहाच्या बशीत चमचा किणकिण वाजायला लागतो. बसून पाय हलवला की घरात दळिद्र येतं, असं मी त्याला लहानपणापासून सांगितलं, गुडघ्यावर चापट्या मारल्या. पाय थांबायचा, मग बोटं सुरू व्हायची.

माझा भाऊ माधवनगरच्या कापडगिरणीत फिटर होता. वहिनी गेली तेव्हा मदन नऊ वर्षांचा. भावाने त्याला कुंडलला माझ्याकडे आणून सोडला. आला त्याच आठवड्यात त्याने माझ्या स्टोव्हचा निपल काढून खिशात घातला आणि शाळेत गेला. घरात पाच माणसं उपाशी, स्टोव्ह नुसता भकभक करतोय. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "आत्या, एवढ्या मोठ्या टाकीतलं रॉकेल एवढ्याशा भोकानं जातंय, ते बघत हुतो."

"मग बघून झालं का?"

"व्हय. पण भोक मोठं झालं."

पिनेने टोकरून टोकरून मोठं केलं होतं. नवा निपल आणायला पलूसला जावं लागलं. आता तो चोपन्न वर्षांचा आहे, आणि अजून एवढ्याशा भोकापाशीच उभा आहे, एवढंच म्हणायचं.

सांगलीला आयटीआयमध्ये तो नकाशे काढायला शिकला आणि सातारच्या कारखान्यात लागला. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. वर मूळ रचना कोणाची, त्याखाली नकाशा कोणी काढला, आणि शेवटी कोणी तपासला. अठ्ठावीस वर्षं मदनचं नाव 'कोणी काढला' त्या ओळीत. रचना नेहमी पुण्याच्या ऑफिसातल्या कोणा साहेबाची. ते साहेब बदलत गेले, खालच्या ओळीतला मदन तसाच राहिला. त्याने कधी तक्रार केली नाही. पण सुट्टीला कुंडलला आला की नवा नकाशा घडी उलगडून दाखवायचा, आणि चौकटीवर अंगठा ठेवून दाखवायचा. मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी येत नाही, पण अंगठा कशावर ठेवलाय ते कळतं.

मग लहान गाडीचं काम आलं. गाडी एवढी आखूड, की समोरच्या फळीमागे, म्हणजे डॅशबोर्डमागे, जागाच नाही. मोटार कंपनीने सांगितलं, वाल निम्म्याने लहान करा. मोठ्या काडेपेटीएवढा होता, तो छोट्या काडेपेटीएवढा पाहिजे. पुण्याच्या साहेबांनी दोनदा केला, दोनदा फसला. तेव्हा सातारच्या कारखान्याच्या प्रमुख संयोगिता मॅडमनी मदनला बोलावलं.

"मदनराव, तुम्ही करा. यावेळी रचनेच्या ओळीत नाव तुमचं. पण स्पष्टच सांगते. मेअखेर कंपनीचे लोक बघायला येणार. पास झाला नाही तर काम पुण्याला जाईल, इथली नकाशांची खोली बंद होईल, आणि तुम्हाला तपासणीच्या टेबलावर बसावं लागेल."

तपासणीच्या टेबलावर दिवसभर बसून तयार माल मोजपट्टीने मापायचा असतो. निवृत्तीपर्यंत सहा वर्षं. ज्याला जेवायला बसता येत नाही त्याला सहा वर्षं बसवायचं. यापेक्षा मॅडमनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याची बायको दीपाली म्हणाली.

मदनने ठोकळा लहान केला. झाला. पण ठोकळा लहान तशी आतली दांडीही आखूड आणि बारीक झाली, आणि बारीक झाली तशी हलक्या कानाची झाली. जरा ऊब लागली की दार सताड उघडायची, जरा गार लागलं की गपकन मिटायची. उघड, मीट, उघड, मीट. गाडीत बसलेल्याला एकदा गार झुळूक, एकदा कोमट, आणि फळीमागून सूं सूं आवाज. कारखान्यात याला हंटिंग म्हणतात. तिथं चाचणीच्या यंत्रावर जालिंदर आहे, कोरेगावचा, मदनचा जुना दोस्त. तो मला म्हणाला, "आत्या, हंटिंग म्हंजी शिकार."

"कसली रं शिकार," मी म्हटलं, "ही तर चुळबुळ. ज्यानं केला त्याचा गुण लागलाय."

जालिंदर हसला. मदन नाही हसला. तो चार महिने त्या दांडीमागे होता. स्प्रिंग बदलली, दांडीचा धातू बदलला, भोकाची कड बदलली. लिहून घ्यायचा, खोडायचा, उठायचा, गॅलरीत जाऊन यायचा.

मी तेव्हा सातारलाच होते, डोळ्यांसाठी. उजव्यातला मोतीबिंदू काढून त्यावर झापड बांधली होती, डाव्यातला अजून काढायचा होता. म्हणजे एक डोळा झाकलेला आणि दुसऱ्यात ताक. त्या दिवसांत मला जग हातानेच कळायचं.

कंपनीचे लोक यायच्या आदल्या दिवशी मदनने तीन वाल घरी आणले. परीक्षेला जायचे तेच. रात्री विजेचा भरवसा नव्हता, म्हणून उजेड असेपर्यंत भिंगाखाली धरून त्यांच्या कडा घासत बसला. बसला म्हणजे खिडकीशी उभा राहिला. सकाळी ते ताटलीत मांडून खिडकीतच ठेवले आणि अंघोळीला गेला.

आणि खिडकीत कुंभारीण घोंगावत होती.

कुंभारीण म्हणजे मातीचं घर बांधणारी माशी. मे महिन्यात तिला कुठलंही भोक चालतं. कुलपाचं, विजेच्या प्लगचं, कडीचं. एकदा तिने आत अंडं घालून माती लिंपली की आमच्या घरात पंचाईत. आम्ही जैन. घर फोडावं तर जीव जातो, न फोडावं तर कुलूप जातं. कुंडलला आमच्या मागच्या दाराला एक अख्खा पावसाळा कुलूप नव्हतं, ते याच बाईमुळे. आता इथं ताटलीत तीन ठोकळे, प्रत्येकाला चार भोकं, दोन पुढून, दोन मागून. तिला तर चाळच सापडली.

मी माझं जुनं गाळणं घेतलं. आम्ही पाणी फडक्यातून गाळूनच पितो, दोन पदरी फडकं लागतं. हे निळ्या काठाचं, कुंडलहून आणलेलं, झिजून जाळी झालेलं. पाण्याचं फडकं पायपुसण्याला कसं घालायचं, म्हणून नुसतंच जपून ठेवलं होतं. त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि बोटाने चाचपत एकेका भोकात बोळा कोंबला. तिसऱ्या ठोकळ्याला पट्ट्या पुरेनात. तेव्हा खाली दोन बारके बोळे घातले, आणि वरच्या भोकातून एकच लांब पट्टी आत सारली. मधे दांडी लागली, तिला वेढे दिले, आणि टोक पलीकडून काढलं. दोन्ही दारं एका पट्टीत बंद. मला त्याचं जरा कौतुकही वाटलं.

मदन डोकं पुसत आला आणि थबकला.

"आत्या, हे काय गं कोंबलंयस?"

"कुंभारीण शिरत हुती."

"अगं, परीक्षेचे वाल आहेत ते."

"म्हणूनच कोंबलं. परीक्षेत माती निघाली असती म्हंजी?"

तो काही बोलणार तेवढ्यात खाली जालिंदरच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजला, आणि पाठोपाठ जालिंदरच वर आला. "मदनराव, चल गड्या. पावणं आलं. धा म्हणून साडेआठलाच टपकल्यात. मॅडम गेटात हुब्या हायत."

मदनने उभ्या उभ्याच बोळे ओढले. तिसऱ्यातली पट्टी ओढली तर टर्रकन आवाज आला. हातात आलेल्या पट्टीकडे बघून तो म्हणाला, "आलं सगळं," आणि तिन्ही वाल पिशवीत टाकले. एरवी आदल्या दिवशी चार वेळा भिंग लावणारा माणूस, पण दारात जालिंदर किल्ली खुळखुळवत होता. गेले.

पुढचं मला जालिंदरने सांगितलं. मदनने सांगितलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं.

मोटार कंपनीचे तिघं पुण्याहून आले होते. मोठे ते मल्हारसाहेब, बोलायला गोड, लिहायला कडक. पहिला वाल यंत्रावर चढवला. पडद्यावर एक रेघ निघते, वाल शांत असला, 'बसला' म्हणतात त्याला, की रेघ सपाट. पहिल्याची रेघ करवतीच्या दातांसारखी निघाली. दुसऱ्याची तशीच, वर सूं सूं. संयोगिता मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवून दिलं. मदनचा गुडघा असा हलत होता, की जालिंदर म्हणतो, "मला वाटलं यंत्रच हादरतंय."

तिसरा चढवला. रेघ निघाली ती सरळ. पाच मिनिटं, दहा मिनिटं, गरम करून बघितलं, गार करून बघितलं, सरळ. अशी सरळ की तिच्यावर धोतर वाळत घालावं.

मल्हारसाहेब म्हणाले, "हा झकास. पहिल्या दोघांत जोडणीत काहीतरी राहिलं असणार, होतं असं. मॅडम, कागद काढा."

"साहेब, तिन्ही मीच जोडलेत," मदन म्हणाला.

"मग?"

"मग तिसरा का बसला ते मला कळेना."

मॅडम हळूच म्हणाल्या, "बसला ना मदनराव? कळेल सावकाश."

"मी बुटावर बूट दिला त्याच्या," जालिंदर मला सांगत होता. "आवं, दोनदा दिला. गप ऱ्हा म्हणून. कागद टेबलावर आलाय, चौकट मोकळी हाय, ह्याचं नाव तेवढं टंकायचं. तर हा शाना म्हणतोय, उघडू द्या."

उघडला. आत दांडीला गुंडाळलेला चिंधीचा तुकडा, तेलाने भिजलेला, एका कडेला निळा दोरा.

"हे काय आहे?" मल्हारसाहेबांनी विचारलं.

"गाळणं आहे, साहेब. आमच्या आत्याचं."

साहेबांच्या माणसाने वहीत लिहिलं, आत परकी वस्तू आढळली, चाचणी रद्द. मल्हारसाहेबांनी ती चिंधी पेनच्या टोकाने उचलून बघितली. मग म्हणाले, "मदनराव, तुम्ही उघडलं नसतं तर आम्ही चहा पिऊन गेलो असतो."

"तर पुढच्या हजार वालांत गाळणं नसतं, साहेब."

त्यांनी एकवीस दिवस दिले. मॅडमनी टेबलावरचं पेन उचलून तारीख लिहून घेतली.

हे सगळं जालिंदरने चार वाजता येऊन सांगितलं. मदन कारखान्यातच होता. जालिंदर गेला आणि मी पिशवी भरायला घेतली. लुगडं घडी करायची, मोडायची. चष्म्याचं घर घातलं, काढलं. नऊ वर्षांचा असताना ज्याला सांभाळला, त्याच्या पन्नाशीत त्याच्या नावावर मी बोळा कोंबला. घरभर फिरले, दोनदा उंबऱ्याला ठेच लागली.

दीपाली औषधाची बाटली घेऊन आली. "आत्या, थेंब घालायची वेळ झाली. पिशवी कसली भरताय?"

"जाते मी कुंडलला."

"एका डोळ्यानं यष्टीत चढणार व्हय?"

"चढायला एक पुरतो."

"बसा गप. मामंजी असते तर त्यांनी डोळ्याबरोबर तुमचे हातही बांधले असते," ती म्हणाली, आणि डोळ्यात थेंब घातले. मामंजी म्हणजे माझा भाऊ. तो खरंच असं म्हणाला असता.

आमच्या घरी दिवस असतानाच जेवण उरकतात. दीपालीने ताटं वाढून ठेवली. अजिंक्यताऱ्यावर ऊन चढत चढत गेलं, भाताला साय धरली, मदन नाही. मी खिडकीतून दाराकडं, दारातून खिडकीकडं. ऊन गेलं आणि तो आला. आता जेवण नाही. त्या दिवशी तिघंही उपाशी राहिलो, ताटं झाकलेली तशीच.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि खिशातून ती चिंधी काढली.

"आत्या, किती वेढे दिले होतेस?"

"चुकलं रं माझं."

"चुकलं ते सोड. वेढे किती?"

"दोन. का तीन, देवाला म्हाईत."

"आणि पदर किती?"

"गाळणं दोन पदरीच असतंय. ही काय नव्यानं सांगायची गोष्ट झाली?"

त्याने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि गाळण्याची उरलेली पट्टी दिली. "डोळे मीट आणि सकाळी दिलेस तसे दे."

"डोळे मिटलेलेच हायत माझे."

मी बोटांना विचारून विचारून वेढे दिले. अडीच निघाले. त्याने मापणीचा काटा लावून जाडी बघितली, कागदावर मांडली आणि खुर्चीत बसला. चांगला पाच मिनिटं बसला. टेबलावर बशी होती, बशीत चमचा होता, आणि चमचा वाजत नव्हता. दीपालीने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघीही हललो नाही.

"दांडीला पांघरूण पाहिजे," तो म्हणाला. "तिला कळलं पाहिजे, पण लगेच नाही."

मग उठला आणि फिरायला लागला.

चिंधी घालून चालत नाही, हे मलाही कळत होतं. तेलात कुजेल, दोरा सुटून भोकात अडकेल. त्याने पांढऱ्या प्लॅस्टिकची नळी कातून दांडीवर चढवली. जाड नळी चढवली तर वाल म्हशीसारखा बसून राहायचा, गॅस तापून निघून गेला तरी दार उघडेना. पातळ चढवली तर पुन्हा चुळबुळ. आणि ठोकळा आधीच लहान केलेला, आत जागा ती केवढी. जालिंदर एक दिवस नळी कागदाच्या पुडीत घेऊन आला. मी तळहातावर घेतली, वजनच लागेना. पूर्वी सोनार सोनं वालाने तोलायचे, तीन गुंजांचा एक वाल.

"ही तर वालभर पण न्हाई रं," मी म्हटलं.

"म्हंजी आत्या, वालात वालभर पण न्हाई," जालिंदर म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर इतका हसला की नळी जमिनीवर पडली. मी रांगत शोधली. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं होतं.

सोळाव्या दिवशी तीन वालांपैकी दोन सरळ आले, तिसरा मधेच बिथरला. मदनचा चेहरा राखेसारखा झाला. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, गेला तर प्रदक्षिणा घालतच राहिला, दीपालीला जाऊन आणावा लागला. मग कळलं की नळी आत घसरून वरखाली होते. मी गाळणं घट्ट वेढलं होतं, त्याची नळी सैल होती. त्याने नळीला आतून एक बारीक ओठ कातला, दांडीला धरून राहील असा.

एकविसाव्या दिवशी सकाळी दीपाली म्हणाली, "आज आत्यांना बांधून ठिवा." माझी डाव्या डोळ्याची पट्टी कालच सुटली होती, पण मी तीन वालांच्या वाऱ्याला उभी राहिले नाही. पलंगावर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. मदन जाताना माझ्या पाया पडला, तेव्हाही हात काढले नाहीत. तोंडानेच आशीर्वाद दिला.

तो दिवस मला आठवतो तो हॉर्नसाठी. गल्लीत किती मोटारसायकली हॉर्न वाजवतात हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येकाला मी खिडकीत. दूधवाला, गॅसवाला, कोणाचा जावई. तीन वाजता जालिंदर आला. वर यायच्या आधीच खालून ओरडला, "आत्या, तिन्ही बसले."

"आन मदन?"

"त्यो कुठला बसतोय."

पंधरा दिवसांनी मदनने नकाशा आणला, घडी उलगडून माझ्यासमोर धरला. दोन्ही डोळे मोकळे होते. अठ्ठावीस वर्षं ज्या ओळीवर त्याचा अंगठा असायचा तिच्या वरच्या ओळीवर अंगठा ठेवला. मी म्हटलं, अंगठा काढ, मला अक्षरं बघू दे. अक्षरं मला लागत नाहीत, पण छापलेली काळी आहेत की पेनने घातलेली निळी, एवढं बघायचं होतं. काळी होती.

नकाशात वालाचे तुकडे सुटे काढून एकेकाला नंबर दिला होता. मी दांडीवरच्या नळीवर बोट ठेवलं. "हिचं नाव काय?"

"सात नंबर."

"नाव रं नाव."

"स्लीव्ह लिहिलंय."

"बरं केलंस," मी म्हटलं. मला उगीचच वाटलं होतं.

जालिंदर दारातून म्हणाला, "कागदावर ऱ्हाऊ द्या. आमी सगळी गाळणंच म्हणतो. स्टोअरला नवा मानूस आलाय, त्याला सांगितलं दोनशे गाळणी दे, तर त्यानं आमाला कँटीनकडं धाडलं."

मी कुंडलला परत आले. आक्काताईने विचारलं, "पीक आलं का गं जर्मनचं?" आलं म्हणून सांगितलं.

याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात आक्काताईच्या कृष्णातने गाडी घेतली, लहान, पांढरी. लहान वाल कुठल्या गाडीत घातलाय ते मदनने मला फोनवर सांगितलं होतं, मी नाव पाठ करून ठेवलं होतं. गाडीच्या पाठीवरचं नाव मी आता चष्म्याशिवाय वाचते, मराठीत असलं तर. इंग्रजीत होतं, म्हणून कृष्णातकडून दोनदा वदवून घेतलं. तीच. सांगलीला जायला निघालो, आक्काताई मागे, मी पुढे. बाहेर ऊन रणरणत होतं. कृष्णातने एसी लावला.

मी जाळीसमोर तळहात धरला. पलूस गेलं, तळहात तिथंच. एकसारखा वारा. झुळूक नाही, कोमट नाही. फळीला कान लावला, सूं सूं नाही.

"आजी, गार लागतंय व्हय? कमी करू?" कृष्णातने विचारलं.

"नको. बसलाय का बघतीय."

"कोन?"

आक्काताई मागून म्हणाली, "तिचा वाल असल रं. आता गाडीत पण लावत्यात काय म्हाईत."

माधवनगरच्या पुलापाशी मी मदनला फोन लावला. दुपारचा चहा चालला असावा. म्हटलं, "मदन, कृष्णातच्या गाडीत हाय मी. बसलाय रं तुझा वाल. गप बसलाय."

त्याने तिकडं कागद सरकवला. मग म्हणाला, "आत्या, आता याहून लहान मागतायत."

"केवढा?"

"सांगतो. नकाशा सुरू केलाय."

आणि त्याच्या बोलण्यामागे, लांबून पण स्वच्छ, मला बशीत चमचा वाजताना ऐकू आला. पाय हलवू नको, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "चहा पी आधी, गार होईल," आणि फोन ठेवला.